उसात साखर केव्हा भरते?

शेजारी शेजारी उसाचे दोन फड आहेत. दोन्हींचं एकरी उत्पादन ५० टनांचं. काट्यावर दोघांचं वजन सारखं, पावतीवरची रक्कमही सारखी. पण एका फडातल्या उसात शंभर किलोमागे १२ किलो साखर निघण्याजोगी आहे आणि दुसऱ्यात जेमतेम १०. म्हणजे एका एकरात एक टन साखरेचा फरक पडला. हा फरक शेतात कोणाला दिसत नाही, कारण ऊस पाहणाऱ्याची नजर उंचीकडे, जाडीकडे आणि कांड्यांच्या संख्येकडे जाते. साखर डोळ्यांना दिसत नाही.

महाराष्ट्रात उसावर बोलणारे भरपूर आहेत. दर, आंदोलन, कारखान्याची निवडणूक, पाणी, इथेनॉल, यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण उसाच्या आत साखर कशी तयार होते आणि ती नेमकी कधी भरते, हे फारसं कोणी सांगत नाही. ते एकदा नीट समजलं, की लागणीच्या तारखेपासून तोडणीच्या घाईपर्यंतच्या बहुतेक गोष्टींमागचं कारण लागतं.

ऊस हे गवत आहे. ज्वारी, मका, नाचणी, बांबू आणि भात यांच्याच कुळातलं. या कुळाची ठेवण ठरलेली: खोडाला पेरं, प्रत्येक पेरापाशी एक पान, पानाच्या बगलेत एक डोळा (अंकुर) आणि दोन पेरांमधलं कांडं. बहुतेक गवतं आपली शिल्लक दाण्यात साठवतात, म्हणून आपण गहू आणि भात खातो. उसाने ती शिल्लक कांड्यात साठवली, तीही पिठाच्या रूपात नाही, तर रसात विरघळलेल्या साखरेच्या रूपात.

साखर तयार होते ती पानात. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांपासून सगळीच झाडं साखर बनवतात, पण उसाचं पान या कामात अव्वल आहे. भात आणि गहू यांच्या पानांत कार्बन डायऑक्साइड पकडणारं जे विकर (एन्झाइम) असतं, ते पुष्कळदा फसतं आणि कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडतं. ऊन तापलं की ही चूक वाढते आणि कमावलेल्यातला बराच भाग वाया जातो. उसाच्या पानात दोन टप्पे आहेत. बाहेरच्या पेशी कार्बन आधी एका आम्लात बांधतात, मग ते आम्ल शिरांभोवतीच्या पेशींच्या कड्यात पोचवतात. तिथे कार्बन डायऑक्साइड पुन्हा मोकळा होतो आणि इतका दाट साठतो की विकराला चूक करायला वावच राहत नाही. याला सी-४ पद्धत म्हणतात. हवाई बेटांवरच्या ऊस संशोधकांनी किरणोत्सारी कार्बन वापरून याचा धागा पकडला आणि १९६५ साली तो प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात हॅच आणि स्लॅक यांनी सगळी साखळी उलगडून दाखवली. ज्वारी, बाजरी आणि मकाही याच पद्धतीने चालतात. वैशाखात इतर पिकं माना टाकतात तेव्हा पाणी मिळालेला ऊस जोमाने वाढतो, त्याचं कारण हे.

वाढ आणि गोडी एकमेकींच्या आड येतात

पानात तयार झालेली साखर शिरांमधून खाली उतरते आणि कांड्यात येते. तिचं पुढे काय होतं हे त्या कांड्याच्या वयावर ठरतं.

शेंड्याजवळचं कांडं कोवळं असतं. त्याला लांब व्हायचं असतं, नव्या पेशी उभ्या करायच्या असतात. त्यात इन्व्हर्टेज नावाचं विकर भरपूर असतं. आलेल्या साखरेचे ते लगेच दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे तुकडे वाढीच्या कामाला लागतात. घराचं बांधकाम चालू असेपर्यंत हातात पैसा शिल्लक राहत नाही, तसंच आहे हे.

कांड्याची लांबी पूर्ण झाली की त्यातलं हे विकर ओसरतं. आता येणारी साखर फोडली जात नाही. ती पेशींच्या पोटातल्या रसात साठत जाते. म्हणून ऊस बुडख्याकडून गोड होत जातो. तळाची कांडी आधी भरतात, मग मधली आणि शेवटी वरची. ऊस सोलून खाणाऱ्या पोराला हे पाठ असतं: बुडखा गोड, शेंडा पाणचट. चांगला पिकलेला ऊस म्हणजे ज्याच्या बुडख्याच्या आणि शेंड्याकडच्या रसातला फरक जवळजवळ मिटलेला आहे तो.

याचा अर्थ असा, की ऊस जोवर वाढतो आहे तोवर तो मनापासून साखर साठवत नाही. वाढ मंदावली पाहिजे, पानं मात्र हिरवी आणि कामात असली पाहिजेत. कमाई चालू आणि खर्च कमी, या अवस्थेत साखर भरते.

वाढ मंदावते कशाने? मुख्यतः थंडीने, त्याखालोखाल पाणी आणि नत्र कमी झाल्याने. डोळे फुटायला तिशीच्या वरचं तापमान मानवतं, पक्वतेला मात्र १० ते २० अंशांची रात्र आणि कोरडी हवा हवी. आपल्याकडचे डिसेंबर, जानेवारी आणि फेब्रुवारीचा पहिला भाग म्हणजे नेमकं हेच हवामान: दिवसा स्वच्छ ऊन, रात्री गारठा. म्हणून कारखान्याचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे निघणारी साखर, हंगामाच्या सुरुवातीला कमी असतो, थंडीत चढतो आणि उन्हं तापली की पुन्हा घसरतो.

आपल्या लागणीच्या तिन्ही हंगामांची आखणी याच गणितावर उभी आहे. आडसाली लागण १५ जुलै ते १५ ऑगस्ट, पूर्वहंगामी १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर आणि सुरू १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. लागण कधीही करा, पिकायला हिवाळाच गाठायचा. आडसाली ऊस १६ ते १८ महिने उभा राहतो, त्याला वाढीचा काळ जास्त मिळतो, म्हणून त्याचं टनेज सगळ्यांत जास्त. सुरूला साधारण १२ महिने. पण आडसालीचा मोबदला जमीन आणि पाणी यांच्यात द्यावा लागतो. सबंध उन्हाळा तो ऐन वाढीत असतो आणि पाणी मागतो.

पाण्याचा आकडा मोठा आहे. उसाची हंगामाची गरज १,५०० ते २,५०० मिलिमीटर धरतात. हेक्टरी हिशेब केला तर किमान दीड कोटी लिटर. यातलं काही पावसाचं, उरलेलं आपलं. पाटाने सोडलेल्या पाण्यातलं पुष्कळसं मुळांच्या खाली निघून जातं आणि जाताना नत्र घेऊन जातं. ठिबकाचा फायदा केवळ पाणी वाचवण्यात आहे असं मी मानत नाही. शेवटच्या टप्प्यात पाणी मोजून कमी करता येतं, हा साखरेच्या दृष्टीने त्याहून मोठा फायदा. तोडणीच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडायचं, असं जुने लोक सांगत आले. त्यामागे वजन घटवायचा हेतू नव्हता, ऊस पिकवण्याचा होता. उलट तोडणीच्या तोंडावर भरपूर पाणी देऊन वजन वाढवलं, तर त्या वजनात पाणीच जास्त असतं.

युरियाचंही तसंच. नत्राने फुटवे येतात, पानं गर्द होतात, ऊस झपाट्याने सुटतो. ते हवंच, पण वेळेवर. नत्राचा शेवटचा मोठा हप्ता मोठ्या बांधणीच्या (उसाला माती चढवण्याच्या) वेळी, म्हणजे लागणीनंतर साडेचार-पाच महिन्यांच्या आत पडला पाहिजे. त्यानंतर पावसाळ्यात ‘ऊस पिवळा दिसतोय’ म्हणून पोतं फेकलं, तर हिवाळ्याच्या तोंडावर ऊस पुन्हा वाढीला लागतो. बुडाशी नवे कोंब फुटतात. तोडणीत हे कोवळे कोंब मोळीत जातात आणि रसाची शुद्धता खाली ओढतात. पालाशाकडे (पोटॅशकडे) मात्र आपण फार दुर्लक्ष करतो. पानातली साखर कांड्यापर्यंत वाहून नेण्याच्या कामात पालाशाचा मोठा वाटा आहे आणि ऊस जमिनीतून पालाश उचलतोही भरपूर.

गोडी आली कुठून

आज आपण लावतो तो ऊस एका जातीचा नाही. जाड, मऊ आणि गोड ऊस मूळचा न्यू गिनी बेटाचा, तिथल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी तो माणसाळवला. दुसरा पूर्वज म्हणजे नदीकाठी शरदात पांढरे तुरे घेऊन डुलणारं रानटी गवत, ज्याला संस्कृतात काश म्हटलं आहे. ते बारीक आणि चिवट असतं, त्यात साखर नावालाच, पण रोग, दुष्काळ आणि थंडी सोसण्यात त्याची बरोबरी नाही. जावा बेटावर डच संशोधकांनी आणि भारतात कोइमतूरच्या केंद्राने या दोघांचा संकर घडवला. कोइमतूरचं ऊस पैदास केंद्र १९१२ साली सुरू झालं. जागा विचारपूर्वक निवडली होती, कारण तिथे उसाला चांगला तुरा (फुलोरा) येतो आणि तुऱ्याशिवाय संकर करता येत नाही. चार्ल्स बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी तिथे केलेल्या कामातून १९१८ साली को २०५ हा वाण आला. पुढे को ४१९ आला आणि दख्खनमधल्या कालव्यांवरचा जुना, जाड, रसाळ पुंड्या ऊस मागे पडला. वाणाच्या नावातलं ‘को’ म्हणजे कोइमतूर. जानकी अम्मल या थोर वनस्पतिशास्त्रज्ञ याच केंद्रात काम करत होत्या. त्यांनी उसाचा मक्याशीही संकर करून दाखवला.

या संकरामुळे उसाची गुणसूत्रं फार गुंतागुंतीची झाली. माणसात ती ४६ असतात, आजच्या उसात साधारण १०० ते १३०. एका वाणाची संपूर्ण जनुकीय मांडणी शास्त्रज्ञांना २०२४ साली प्रसिद्ध करता आली, भात आणि मका यांच्या कितीतरी नंतर. याचा शेतातला परिणाम असा, की उसाचं बी पेरलं तर प्रत्येक रोप वेगळं निघतं. म्हणून आपण कांडी लावतो. डोळ्यातून येणारा ऊस आईचा हुबेहूब असतो. चांगला गुण जसाच्या तसा येतो, तसा रोगही येतो. काणी आणि गवताळ वाढ हे रोग मुख्यतः बेण्यातून (लावायच्या कांड्यांतून) पसरतात. आपल्याच फडातला शेंडा तोडून वर्षानुवर्षं तेच बेणं फिरवणं महागात पडतं, ते यामुळे. ९ ते ११ महिन्यांचं, बेणेमळ्यात वेगळं वाढवलेलं बेणं घ्यावं आणि तेही तीन-चार वर्षांनी बदलावं.

महाराष्ट्रात वाणांच्या चाचण्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे फलटण तालुक्यातलं पाडेगाव. तिथलं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून चालू आहे. १९९६ साली राज्यात आलेला को ८६०३२ आजही मोठ्या क्षेत्रावर टिकून आहे, कारण टनेज आणि साखर यांचा तोल त्याच्यात साधला गेला. पाडेगावचा फुले २६५ वजनाला जोरदार आहे, चोपण जमिनीतही तग धरतो, पण पिकायला वेळ घेतो. त्याला लवकर तोडला तर साखर भरलेली नसते. काही कारखाने या वाणाबद्दल नाखूष का असतात आणि शेतकरी त्याच्यावर खूष का, याचं उत्तर इथे आहे. एकाचा हिशेब साखरेवर आहे, दुसऱ्याचा टनावर. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत.

तुऱ्याबद्दल दोन शब्द. दिवस-रात्र जवळजवळ सारखे होऊ लागले की, ऑगस्टच्या अखेरीपासून, पोषक हवा मिळाल्यास उसाच्या शेंड्यात तुऱ्याची तयारी सुरू होते. तुरा बाहेर आला म्हणजे वाढ संपली. पहिले काही आठवडे हे फायद्याचंच, साखर भरत राहते. पण असा ऊस उभा ठेवला की कांड्यांना पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात, आतून दशी पडते (गाभा कोरडा होतो) आणि वजन व साखर दोन्ही उतरतात. तुरा दिसताच घाबरायचं कारण नाही, पण अशा फडाचा नंबर तोडणीत पुढे घ्यायला हवा.

कोयता लागल्यानंतर

तुटलेला ऊस मेलेला नसतो. त्याच्या पेशी जिवंत असतात, श्वास घेतात आणि साठवलेली साखर खर्च करतात. कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक नावाचे जीवाणू आत शिरतात आणि साखरेपासून डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. शिवाय इन्व्हर्टेज पुन्हा जोर धरतं आणि साखर फोडू लागतं. फुटलेल्या साखरेचे दाणे बनत नाहीत, ती मोलॅसिसमध्ये (मळीत) जाते. उन्हात ट्रॉली उभी राहिली की पाणी उडून वजन घटतं, म्हणजे शेतकऱ्याचं नुकसान. त्याच वेळी आत साखर घटते, म्हणजे कारखान्याचं. ऊस तुटल्यापासून २४ तासांच्या आत कारखान्याच्या गव्हाणीत (गाळपासाठी ऊस टाकतात तिथे) पडला पाहिजे, हा नियम त्यासाठी आहे. जळीत उसाची साल तडकलेली असते, त्यामुळे तो आणखी झपाट्याने बिघडतो.

तोडणी जमिनीलगत व्हावी, असं प्रत्येक शेतकी अधिकारी सांगतो. सगळ्यांत गोड कांडं बुडख्याचं असतं हे वर आलंच. चार बोटं वर छाटलं तर सर्वांत जास्त साखरेचा तुकडा शेतात राहतो. पण हे सांगताना कोयता कोणाच्या हातात आहे तेही पाहावं. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेली जोडपी पहाटेपासून वाकून ऊस तोडतात. त्यांची मजुरी टनावर ठरते. आणखी वाकून, जमिनीला कोयता टेकवून तोडण्याचे त्यांना वेगळे पैसे नाहीत. वाहतूकदाराला टनावर, मुकादमाला टनावर, शेतकऱ्यालाही टनावर. साखरेची काळजी घेणाऱ्याला या साखळीत थेट मोबदला कुठेच नाही. माझ्या मते उसाच्या धंद्यातली ही सर्वांत मोठी उणीव आहे.

दराचं सूत्र पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. त्यावर प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्याला ३.४६ रुपये वाढत होते. म्हणजे उतारा ११.२५ टक्के आला तर टनाला ३४६ रुपये जास्त. एकरी ४० टन धरले तर १३,८४० रुपये. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च यातून वजा होतो, पण तो उताऱ्यावर ठरत नाही, त्यामुळे ही वाढ जवळजवळ पूर्ण हातात येते. मात्र हा उतारा अख्ख्या कारखान्याचा सरासरी असतो. तुमच्या फडाची साखर १२ टक्के असली तरी दर सरासरीवरच मिळणार. एकट्याने मेहनत घेऊन फारसं हाती लागत नाही, गावच्या गावाने आणि कारखान्याने मिळून केलं तर सगळ्यांना मिळतं. सहकारी कारखान्यांचा पायाच हा होता. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा शेतकरीच मालक होता. साखर वाढली तर ती त्याचीच होती.

मग करायचं काय? तोडणीचा कार्यक्रम लागणीच्या तारखेवर लागतो, ते ठीक, पण त्याला रसाच्या तपासणीची जोड हवी. हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर असतो. बुडाच्या आणि शेंड्याकडच्या कांड्याचा थेंब थेंब रस त्यावर टाकला की ब्रिक्स कळतो, म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण. बुडाचा आकडा २० च्या पुढे आणि वरचा त्याच्या जवळ असेल तर ऊस तयार आहे. दोन्हींत मोठं अंतर असेल तर थांबावं. कारखान्याचा चिटबॉय (शेतावर फिरणारा कर्मचारी) नोंदी घ्यायला येतो, त्याच फेरीत हे काम होऊ शकतं. काही कारखाने ते मनापासून करतात, सगळ्यांनी करायला हवं.

शेवटी खोडवा. गवताचा गुण असा, की वरचं कापलं तरी जमिनीतले डोळे पुन्हा फुटतात. खोडव्याला पूर्वमशागत, बेणं आणि लागण यांचा खर्च नाही, आणि तो लागणीच्या उसापेक्षा लवकर पिकतो. हंगामाच्या सुरुवातीला, लागणीचा ऊस अजून कच्चा असताना, कारखान्याला साखर खोडव्यातूनच मिळते. तरीही आपल्याकडे खोडवा दुय्यम मानला जातो. पाचट (उसाची वाळलेली पानं) पेटवून दिलं जातं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट असतं. ते सरीत दाबून ठेवलं तर ओल टिकते, तण दबतं आणि हळूहळू कुजून जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो. बुडखे जमिनीलगत छाटावेत, म्हणजे कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून येतात आणि त्यांना स्वतःची मुळं फुटतात. खत वर न फेकता पहारीने बुडख्यापासून वीतभर अंतरावर भोक घेऊन द्यावं, ते पाचटाखाली मुळाशी पोचतं. रिकाम्या राहिलेल्या जागी नांग्या (नवी रोपं) भरायच्या असतील तर पिशवीतली रोपं आधीच तयार ठेवावीत, कारण तोडणीनंतर महिनाभरात ती लागली नाहीत तर शेजारच्या ठोंबांच्या सावलीत ती पुढे येत नाहीत.